जमिनीखालची पाणीगळती आवाजावरून शोधायची आहे – बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) आणि पीव्हीसीच्या पाइपांचं मिश्र जाळं, रोज अडीच तास पाणी

शिवारवाट (प्रश्न)

आमच्या नगरपंचायतीच्या पाणी समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला, नदीवरच्या जॅकवेलवर (उपसा विहिरीवर) जास्त अश्वशक्तीचा पंप बसवून उपसा वाढवायचा. दुसरा, उपसा आहे तेवढाच ठेवून आधी गळती शोधायची. माझं मत दुसऱ्या बाजूने आहे. उन्हाळ्यात डोहात उरतं तेवढंच पाणी गावाला, गुरांना आणि माशांना असतं. तिथून आणखी उपसून जमिनीत मुरवण्यात काही शहाणपण नाही. पण बैठकीत नुसतं मत चालत नाही, पद्धत आणि हिशेब मांडावा लागतो.

जाळं असं आहे: उंच टाकीतून निघणारी वाहिनी १५० मिमी बिडाची, पुढे ११०, ९० आणि ६३ मिमी पीव्हीसी, नव्या वस्तीत एचडीपीई (लवचीक प्लॅस्टिक). पाणी सकाळी अडीच तास सुटतं. टाकीतून गेलेलं पाणी आणि नळजोडांच्या मीटरवरची बेरीज यांत मोठी तफावत येते. रस्ते मात्र कोरडे. बहुतेक भाग मुरमाचा आहे, त्यामुळे फुटलेलं पाणी वर न येता खालीच जात असणार.

ध्वनीवरून गळती शोधतात हे वाचून माहीत आहे. अडीच तासांच्या पुरवठ्यात ते जमतं का? पीव्हीसीवर चालतं का? जवळच्या महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग मदतीला तयार आहे, तर उपकरण तिथे बनवता येईल का? आणि वाचलेल्या पाण्याचा वीजबिलात हिशेब कसा मांडायचा?

जलवाहिनी

जमतं. पण बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होतो: आधी यंत्र येतं, मग नकाशा शोधतात, आणि दाब किती आहे हे शेवटपर्यंत कोणी मोजत नाही. आधी दाब बघा, मग नकाशा, यंत्राचं नंतर.

गळतीचा आवाज येतो तो दाबामुळे. भोकातून पाणी वेगाने बाहेर पडतं, भोकाच्या कडा थरथरतात, आणि ती थरथर पाइपच्या भिंतीतून व आतल्या पाण्यातून दोन्हीकडे पसरते. दाब १० मीटरच्या (म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाच्या) खाली असेल तर हा आवाज इतका क्षीण होतो की ऐकणाऱ्याचा वेळ वाया जातो. १५ ते २० मीटर असेल तर काम सुखाचं. आता हे बघा: एकमजली वस्तीसाठी शेवटच्या नळाला ७ मीटर दाब पुरे, असं १९९९ची केंद्रीय नियमावलीच म्हणत होती. म्हणजे त्या नियमाप्रमाणे व्यवस्थित चाललेल्या योजनेतसुद्धा शेवटच्या टोकाला गळती ऐकू येणार नाही. म्हणून तपासणीपुरता दाब वाढवावा लागतो. एका वेळी एकच विभाग घ्या, बाकीचे स्लूस व्हॉल्व्ह (वाहिनी बंद-चालू करणारे) बंद करा आणि टाकी काठोकाठ भरलेली असताना पाणी सोडा. विभागाच्या दोन्ही टोकांना नळजोडावर साधा प्रेशर गेज लावून ठेवा. शंभर फूट लांबचा गेज मनाने वाचू नका, तिथे माणूस उभा करा.

दुसरी अडचण घरातल्या नळांची. रोज ठरावीक वेळीच पाणी येतं अशा गावात लोक नळ उघडाच ठेवतात, म्हणजे पाणी आलं की कळतं. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह नसतो, मोटारी थेट नळाला जोडलेल्या असतात. त्या सगळ्याचा आवाज गळतीसारखाच येतो. आदल्या दिवशी दवंडी द्या, व्हॉट्सॲपवर टाका, पण त्यावर विसंबू नका. व्हॉल्व्हमनला घेऊन प्रत्येक नळजोडाचा रस्त्याकडचा कॉक बंद करायला लावा. ज्याला कॉकच नाही त्याची यादी करा, ती यादी पुढे कामाला येते.

पाणी सोडल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीही ऐकू नका. पाइपमधली हवा बाहेर पडत असते. त्या वेळी प्रत्येक सांधा फुटल्यासारखा वाटतो.

कॉक बंद केल्यावर विभागात किती पाणी जातंय ते इनलेटच्या (विभागात पाणी शिरतं तिथल्या) मीटरवर पाच-पाच मिनिटांनी लिहा. वापर शून्य असताना जे आत जातंय, ती त्या विभागाची गळती. सगळ्या विभागांची ही चाचणी आधी उरका आणि सर्वांत वाईट दोन विभागांतच आवाजाचं काम सुरू करा. सगळं गाव ऐकत फिरायचं नसतं.

आणि वितरणाआधी रायझिंग मेन, म्हणजे पंपापासून टाकीपर्यंत पाणी चढवणारी वाहिनी. याबद्दल प्रश्नात काहीच नाही, पण तुमची मोठी गळती तिथे असण्याची शक्यता जास्त. हिशेब करून बघा. ५ मिमी व्यासाच्या भोकातून २० मीटर दाबाला मिनिटाला साधारण १४ लिटर पाणी जातं; अडीच तासांत २.१ घनमीटर. तेच भोक जॅकवेलजवळ, जिथे दाब ८० मीटर आहे, तिथे असेल तर मिनिटाला २८ लिटर. आणि पंप १४ तास चालत असेल तर दिवसाला साडेतेवीस घनमीटर. भोक तेच, पाणी अकरा पट. शिवाय ही वाहिनी शेतातून, ओढ्याकाठून जाते. तिथे गवत बारा महिने हिरवं दिसलं तरी कोणी तक्रार करत नाही.

रायझिंग मेन तपासायची वेळ म्हणजे पंप बंद झाल्यानंतरची. पंप चालू असताना त्याचा घोष पाइपभर असतो. बंद केल्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) बसतो आणि टाकीपर्यंतचा पाण्याचा स्तंभ तसाच उभा राहतो, म्हणजे दाब आहे आणि गोंगाट नाही. पंपाजवळचा गेज तासभर बघा. काटा उतरत गेला तर एक तर वाहिनी गळते, नाहीतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतो. डिलिव्हरीचा स्लूस व्हॉल्व्ह बंद करून आणि गेज त्याच्या पुढे ठेवून पुन्हा बघितलं की दोन्हींतलं कोण, ते कळतं.

तरंगलांबी

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी फक्त ध्वनीची बाजू आणि उपकरणाबद्दल लिहितो.

पीव्हीसीवर चालतं, पण वेगळ्या तऱ्हेने. बिडाच्या किंवा लोखंडी पाइपात गळतीचा आवाज साधारण ५०० ते १५०० हर्ट्झमध्ये जोरकस असतो आणि शे-दोनशे मीटर जातो. प्लॅस्टिक मऊ असल्यामुळे वरच्या वारंवारता लवकर शोषल्या जातात. पीव्हीसीत उरतं ते बहुतांशी २०० हर्ट्झच्या खालचं, तेही ५०-६० मीटरपर्यंत. एचडीपीईत अंतर आणखी कमी, ३० मीटर धरा. कानाला तो पट्टा नीट ऐकू येत नाही, म्हणून लोक म्हणतात प्लॅस्टिकवर ही पद्धत चालत नाही. सेन्सरला तो ऐकू येतो.

वेगाचा फरक त्याहून महत्त्वाचा. मोकळ्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो. पाइपातल्या पाण्यात तो कमी होतो, कारण दाबाच्या लाटेबरोबर पाइपची भिंतही किंचित फुगते. भिंत जितकी लवचीक आणि व्यासाच्या मानाने पातळ, तितका वेग कमी. सूत्र असं: १४८० ला, १ + (पाण्याचा आयतन-गुणांक ÷ पाइपच्या पदार्थाचा यंग गुणांक) × (व्यास ÷ भिंतीची जाडी) याच्या वर्गमुळाने भागा. दोन्ही गुणांक म्हणजे पदार्थ किती ताठ आहे याची मापं. पाण्याचा गुणांक २.२ गिगापास्कल, पुढचे आकडेही त्याच एककात. १५० मिमी डक्टाइल आयर्न (कमी ठिसूळ ओतीव लोखंड), भिंत ६ मिमी, यंग गुणांक १७० धरला तर वेग येतो सुमारे १२९० मीटर. तुमचं जुनं बीड असेल तर यंग गुणांक डक्टाइलपेक्षा कमी, पण भिंत बरीच जाड. दोन्ही घालून तुमचा आकडा काढा. पीव्हीसीला गुणांक ३ आणि व्यास-जाडी गुणोत्तर ३० धरलं तर सुमारे ३१०. एचडीपीईला गुणांक १, गुणोत्तर १५, तर सुमारे २५०. एकाच गावात वेग चार-पाच पटींनी बदलतो, म्हणून यंत्रात पाइपचा प्रकार चुकीचा निवडला की खड्डा भलतीकडेच पडतो.

जागा काढायची रीत. दोन व्हॉल्व्हवर दोन सेन्सर, त्यांच्यातलं पाइपच्या मार्गाने अंतर समजा १२० मीटर. गळतीचा आवाज एकाकडे आधी पोहोचतो, दुसऱ्याकडे नंतर. दोन्ही नोंदी एकमेकींवर सरकवून त्या कुठे सर्वांत जास्त जुळतात ते बघितलं की वेळेचा फरक मिळतो. समजा ४० मिलिसेकंद, वेग १२९०. गुणाकार ५१.६ मीटर. १२० मधून तो वजा करा, निम्मे करा: जवळच्या सेन्सरपासून ३४.२ मीटर. आता वेग ११६० असताना तुम्ही १२९० धरला असेल, तर खरी जागा ३६.८ वर आहे. अडीच मीटरची चूक, म्हणजे डांबरी रस्त्यात दुसरा खड्डा. गळती दोन्ही सेन्सरच्या मधोमध असेल तर फरक शून्य येतो आणि वेगाची चूक लागूच होत नाही. म्हणून पहिली जागा मिळाली की सेन्सर अशा ठिकाणी हलवा की ती जागा जवळपास मध्यावर येईल, आणि पुन्हा मोजा.

वेग सूत्राने काढण्यापेक्षा मोजलेला चांगला. दोन सेन्सरच्या मधला एखादा ज्ञात नळजोड थोडा उघडा, म्हणजे ती तुमची खोटी गळती झाली. तिची जागा टेपने माहीत, वेळेचा फरक यंत्राने दिला, वेग उलट सोडवून काढा. जुन्या जाळ्यात, जिथे मधे कधीतरी जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) तुकडा घालून दुरुस्ती केलेली असते, तिथे दुसरा विश्वासार्ह मार्ग नाही.

महाविद्यालयात काय बनवता येईल: २७ मिमीची पितळी पिझो चकती, इपॉक्सीत बसवलेली, मागे निओडायमियम चुंबक. ती व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर चिकटते. स्पिंडलवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केल्याशिवाय लावू नका, गंजाचा थर वरच्या वारंवारता खातो. पीव्हीसीवर चुंबक चालत नाही, तिथे उघड्या पाइपला पट्ट्याने आवळा किंवा नळजोडाच्या धातूच्या भागावर लावा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे चकती थेट मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या माइकमध्ये लावणं. चकतीची धारिता साधारण २० नॅनोफॅरड असते. पुढचा इनपुट १० किलोओहमचा असेल तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं जातं, म्हणजे पीव्हीसीची गळती ज्या पट्ट्यात आहे नेमका तोच. इनपुट १ मेगाओहम केला तर ही मर्यादा ८ हर्ट्झवर येते. चकतीला लागूनच टीएल०७१ चिपचा किंवा एखाद्या जेफेट ट्रान्झिस्टरचा बफर (चकतीवर पुढच्या इनपुटचा भार येऊ न देणारं लहान सर्किट), ९ व्होल्टची बॅटरी, सगळं धातूच्या डबीत, आणि डबी केबलच्या जाळीला जोडलेली. बफर केबलच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर शंभर मीटर केबल विजेच्या डीपीजवळून जाताना ५० हर्ट्झचा गुणगुणाट गोळा करते.

दोन्ही सेन्सर एकाच दोन-चॅनेल रेकॉर्डरला लांब केबलने जोडा. दोन वेगळे रेकॉर्डर वापरायचा मोह होतो, पण त्यांची घड्याळं जुळत नाहीत. घड्याळांत दशलक्षात २० भागांचा फरक असला तरी एका मिनिटात १.२ मिलिसेकंद सरकतात. लोखंडी पाइपात ती पाऊण मीटरची चूक, आणि सुरुवात एकाच क्षणी कशी करणार हा प्रश्न वेगळाच. नोंद वेव्ह स्वरूपात घ्या, एमपी३ नको. आपोआप आवाज कमी-जास्त करणारी सोय बंद. नमुन्याचा दर ८ किलोहर्ट्झ पुरे. तीन-चार मिनिटांची शांत नोंद हवी. पुढची जुळवणी पायथनमध्ये दहा-पंधरा ओळींत होते. जुळवण्याआधी बीडसाठी ३०० ते १५००, पीव्हीसीसाठी २० ते २०० हर्ट्झचा पट्टा गाळून घ्या आणि ५० व १०० हर्ट्झ काढून टाका.

निकाल वाचताना दोन गोष्टी. जुळणीचं शिखर नेमकं एका सेन्सरच्या जागी आलं तर गळती बहुधा तिथे नाही. ती दोघांच्या बाहेर कुठेतरी आहे किंवा तिथे फुटणाऱ्या शाखेत आहे. आणि शिखर नेमकं मध्यावर, फरक अगदी शून्य, असं आलं तर आधी विजेच्या गुणगुणाटाचा संशय घ्या. तो दोन्ही चॅनेलमध्ये एकाच क्षणी शिरतो.

शिवारवाट

दोघांचेही मनापासून आभार. रायझिंग मेनचा विचार खरंच यादीत नव्हता. दोन शंका. नकाशा जुना आहे आणि पीव्हीसी रस्त्याच्या कोणत्या बाजूने गेलीय हे काही ठिकाणी कोणालाच ठाऊक नाही. धातू शोधणाऱ्या यंत्राला ती दिसणार नाही. मग अंतर कसं मोजायचं? आणि यंत्र तयार होईपर्यंत आमचे फिटर नुसत्या सळईने काही करू शकतील का?

फिटर तात्या

करू शकतील की. यंत्र आलं तरी सळई लागतेच. यंत्र जागा सांगतं, खात्री सळईनेच होते.

भाऊ, ८ ते १० मिमीची पोलादी सळई घ्या, दीड मीटर लांब, खालचं टोक बोथट टोकदार. वरच्या टोकाला लाकडाची वाटीसारखी मूठ, कान टेकवायला. पोकळ पाइप घेऊ नका, तो रस्त्यावरचा आवाज उचलतो. सळई व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर, फेरूलवर (वाहिनीतून नळजोड निघतो तो जोड), नळजोडाच्या कॉकवर टेकवा, कान लावा, दुसरा कान बोटाने बंद. सळईला हाताने घट्ट धरू नका, हाताची थरथर ऐकू येते. नुसती तोलून धरा. अंगठी, कडं काढून ठेवा.

आवाज ओळखायला शिकायचं असतं. बिडाच्या पाइपावर गळती म्हणजे न तुटणारा ‘स्स्स’. पीव्हीसीवर तोच जाड आणि दबका, ‘घूंऽऽ’ असा येतो. घरात पाणी वापरत असतील तर आवाज मधेच बदलतो, थांबतो. मोटार लावलेली असेल तर एकसुरी गुणगुण. मीटरची टिकटिक वेगळी कळते. गळतीचा आवाज दहा मिनिटांनी गेलात तरी तसाच असतो, हीच तिची खूण.

सगळ्यांत फसवणारा असतो अर्धवट उघडा स्लूस व्हॉल्व्ह. त्यातून पाणी घासून जाताना हुबेहूब गळतीचा आवाज येतो. म्हणून व्हॉल्व्हवर आवाज जोरात आला की आधी तो दोन आटे फिरवून बघा. आवाज बदलला तर तो व्हॉल्व्हचाच. पूर्ण उघडून पुन्हा ऐका. गाळ बसलेला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी बोलतो, मग पुढच्या व्हॉल्व्हवर जाऊन दोन्हींची तुलना करायची.

मोठा आवाज म्हणजे मोठी गळती असं समजू नका. बारीक भोक जोरात शिट्टी मारतं. पाइप उभा चिरला असेल तर पाणी भदाभदा जातं, तिथला दाबच उतरतो आणि आवाज होतो मऊ. खड्ड्यात पाणी साठून भोक बुडालं तरी आवाज दबतो. तेव्हा जिथे दाब कमी आणि आवाजही कमी, ती जागा सोडून जाऊ नका, ती मोठी निघायची.

दोन नळजोडांच्या मधे आवाज सापडला की जमिनीवरून ऐकायचं. डांबर आणि काँक्रीट आवाज चांगला वर देतं. मोकळी माती, गवत, काळी माती देत नाही. तिथे पहारीने पाऊण मीटर भोक पाडून सळई आत सोडायची. पण पाइप किती खोल आहे ते माहीत असल्याशिवाय पहार मारू नका, आणि जिथे विजेची केबल गेलीय तिथे तर अजिबात नको.

पीव्हीसीच्या गावात पहिल्यांदा फेरूल आणि सॅडल (पाइपभोवती आवळलेला पट्टा, ज्यावर नळजोड बसतो) तपासा. वाहिनी मधेच फुटण्यापेक्षा नळजोडाच्या जागी गळणं जास्त. सॅडल न घालता पाइपला नुसतं भोक पाडून नळ जोडलेला असतो, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि जोड दर वर्षी हलतो. जुन्या जीआयच्या नळाची तर कोपरापासची बाजू आतून सडलेली असते.

जलवाहिनी

तात्यांच्या प्रतिसादात भर घालण्यासारखं काही नाही, छापून फिटरच्या हातात द्यावा असा आहे. नकाशाबद्दल एवढंच: पीव्हीसीचा मार्ग शोधायलाही आवाजच वापरतात. एका नळजोडावर ठोके देणारं उपकरण बसवतात, ते पाण्याच्या स्तंभाला सेकंदाला एक-दोन धक्के देतं. जमिनीवरून मायक्रोफोनने ते ठोके ऐकत आडवं चालायचं. जिथे सर्वांत स्पष्ट, तिथून पाइप जातोय. खडूने खूण, मग पुढची रेघ. अंतर टेपने त्या खुणांवरून मोजा, दोन व्हॉल्व्हमधलं सरळ अंतर नको. एक बेंड विसरलात आणि ६ मीटर कमी धरलेत तर गळतीची जागा ३ मीटर चुकते. मधे पाइपचा प्रकार बदलत असेल तर प्रत्येक तुकड्याची लांबी वेगळी लिहा.

रस्त्यावरच्या प्रत्येक व्हॉल्व्हचा चेंबर उघडा करून घ्या. डांबरीकरणात गाडले गेलेले व्हॉल्व्ह वर काढणं हेच या कामातलं सर्वांत मोठं खोदकाम असतं.

नदीकाठ

एक सूचना. व्हॉल्व्हवर कायमचे ध्वनी लॉगर (आवाज आपोआप नोंदवणारी उपकरणं) बसवता येतात, ते रात्री २ ते ४ मध्ये नोंद घेऊन संशयित जागा स्वतःच कळवतात. एकदाच खर्च केला की माणसं फिरवायला नकोत. ते का सुचवलं नाही कोणी?

तरंगलांबी

कारण रात्री २ ते ४ या जाळ्यात पाणीच नसतं. ते लॉगर चोवीस तास दाब असलेल्या शहरांसाठी आहेत. तिथे रात्री वापर कमी, गळती तीच, म्हणून ती उठून दिसते. इथे ते कोरडा पाइप ऐकत बसतील. नोंदीची वेळ पुरवठ्याच्या तासांवर लावता येते, पण तेव्हा घराघरांत पाणी चालू असतं. मुख्य बिडाच्या वाहिनीवर, तपासणीच्या दिवशी कॉक बंद करून, चार लॉगर एकदम लावले तर फायदा आहे. कायमचे बसवण्यात या गावाचा पैसा जाऊ नये.

एचडीपीईच्या वस्तीबद्दलही स्पष्ट लिहितो. सांधे वितळवून जोडलेले असतील आणि काम नीट झालं असेल तर गळती बहुधा फक्त सॅडलवर असते. आधी तेवढंच बघा. तिथे भिंतीवरच्या चकतीपेक्षा पाण्यात बुडणारा हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) चांगला. नळजोडाचं मीटर काढून त्या जागी बसवता येतो. तरीही सापडलं नाही तर ध्वनीचा हट्ट सोडा. ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन असं मिश्रण वाहिनीत सोडतात, ते पेट घेत नाही. हायड्रोजन भोकातून निसटून मातीतून सरळ वर येतो आणि जमिनीवरच्या संवेदकाला सापडतो. रोज अनेक तास कोरडी राहणारी वाहिनी या पद्धतीला उलट सोयीचीच.

उपसा आणि हिशेब (प्रतिसाद)

विजेचा प्रश्न राहिला होता, तो घेतो. एक घनमीटर पाणी ८० मीटर चढवायला सैद्धांतिक ऊर्जा ०.२१८ युनिट. पंप आणि मोटारीची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरा, तर ०.३६ युनिट. समजा रोज १०० घनमीटर गळती थांबली आणि तेवढाच उपसा कमी केला, तर दिवसाला ३६ युनिट, वर्षाला सुमारे १३,२००. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे वर्षाला नऊ टनांच्या आसपास. तुमच्या योजनेची चढण आणि पंपाची कार्यक्षमता घालून आकडा बदला. कार्यक्षमता माहीत नसेल तर मीटरवरची युनिटं आणि टाकीत गेलेलं पाणी यांचा भागाकार करा, तोच खरा आकडा.

बैठकीत मात्र विजेपेक्षा आरोग्याचा मुद्दा आधी मांडा. पाणी बंद झाल्यावर रिकाम्या होणाऱ्या वाहिनीत दाब उणा जातो, आणि ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर गेलं त्याच भोकातून गटाराचं पाणी आत येतं. कावीळ, गॅस्ट्रोची साथ अनेकदा अशाच वाहिन्यांतून पसरते. आवाजावरून सापडलेल्या ज्या गळत्या गटाराच्या कडेला आहेत, त्या लिटरांच्या हिशेबात कितीही लहान असल्या तरी दुरुस्तीच्या यादीत सर्वांत वर घ्या.

मोठ्या पंपाच्या प्रस्तावालाही यात उत्तर आहे. दाब वाढला की गळती वाढते. कडक पाइपातल्या गोल भोकाची गळती दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, पण प्लॅस्टिकची चीर दाबाने उघडते, म्हणून तिथे घातांक १.५ पर्यंत जातो. उलट्या बाजूने पाहिलं तर अशा चिरेवरचा दाब २० टक्के कमी केला की गळती २८ टक्के घटते. तपासणीपुरता दाब वाढवा, रोजच्या पुरवठ्यात सखल भागातला दाब कमी ठेवा.

शिवारवाट

हे सगळं मांडणीत घेतो. शेवटचा प्रश्न: दुरुस्ती झाली की काम झालं असं कधी समजायचं? आणि आधी रायझिंग मेन, मग मीटर चाचणीत वाईट ठरलेले दोन विभाग, हा क्रम बरोबर ना?

जलवाहिनी

क्रम बरोबर. रायझिंग मेनवर एअर व्हॉल्व्ह (हवा सोडणारे, सेन्सर लावायच्या जागा) दूरदूर असतील, तर २०० मीटरपेक्षा लांब अंतर एका दमात मोजू नका. मधे लहान खड्डा घेऊन पाइपच्या पाठीवर सेन्सर लावा आणि तो खड्डा चेंबर बांधून कायम ठेवा.

दुरुस्तीनंतर खड्डा लगेच बुजवू नका. पाणी सोडून, हवा गेल्यावर, दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हवर पुन्हा ऐका. एक मोठी गळती बंद झाली की त्या भागातला दाब चढतो आणि आधी दबलेल्या लहान गळत्या बोलू लागतात; दुसऱ्या फेरीत नव्या जागा सापडल्या तर त्याचा अर्थ पहिली फेरी चुकली असा नाही. मग कॉक बंद करून इनलेट मीटरची तीच चाचणी, त्याच दाबाला. दाब वेगळा असेल तर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही, म्हणून गेजचं वाचन आकड्याशेजारी लिहा. एकूण पाण्यात हिशेबाबाहेरचं पाणी (गळती धरून) १५ टक्क्यांच्या आत यावं असं नियमावली सांगते. पहिल्या वर्षी तिथे पोहोचण्याची अपेक्षा ठेवू नका, विभागवार आकडा उतरतोय का ते बघा.

नोंदवहीत प्रत्येक गळतीला एक ओळ: तारीख, पाइपचा प्रकार आणि व्यास, खोली, यंत्राने सांगितलेलं अंतर, प्रत्यक्ष सापडलेलं अंतर, कशामुळे गळत होतं. सांगितलेलं आणि सापडलेलं यांतला फरक सतत एकाच बाजूला पडत असेल, तर वेगाचा आकडा चुकतोय. खोट्या गळतीने वेग पुन्हा मोजा.